राजधानीची वाट व परतीची वाट

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, हा त्यांचा आमच्यावरील लोभ होय. परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचे कौतुक आपण दरवर्षी करतो. यंदा त्यांच्या रांगेत, राजधानी दिल्ली येथे भरलेल्या युवक-नेतृत्व संमेलनास जाऊन आलेली आपली काही मुलेमुली उभी आहेत. शाल, श्रीफळ व टाळ्या ह्यांनी त्यांचा गौरव झाला. तो योग्यच झाला. परंतु दिल्लीस जाणे म्हणजे नेमके काय, तेथून परतलेल्या मुलांकडून आपण काय अपेक्षावे आणि त्यांनी आपल्याकडून काय अपेक्षावे, हा विचार टाळ्यांच्या गजरात राहून जाण्याचा संभव असतो. म्हणून तोच विषय आम्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहो.

पुष्कळ पालकांची अशी समजूत आहे की, दिल्लीच्या संमेलनास जाण्यास वशिला लागतो. ही समजूत आधी दूर केली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या भारत मंडपम् येथे ‘विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग’ ह्या नावाचे जे संमेलन भरले, त्याचीच निवडपद्धती पाहा. १५ ते २९ वर्षे वयाच्या कोणाही तरुणास त्यात भाग घेता येत होता. पहिली पायरी प्रश्नमंजूषेची. ती १२ भाषांत उपलब्ध होती आणि तीत सुमारे ३० लाख तरुणतरुणी उतरल्या. दुसरी पायरी निबंधाची; त्यासाठी २ लाखांवर निबंध आले. त्यानंतर राज्यपातळीवर प्रत्यक्ष मांडणी झाली, आणि अखेर निरनिराळ्या मार्गांनी निवडलेले सुमारे ३ हजार तरुण राजधानीत पोहोचले. ह्या पायऱ्यांपैकी एकीवरही वडिलांची ओळख किंवा कोणाची शिफारसपत्रे मागितली गेली नाहीत. तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या मुलीलाही ती प्रश्नमंजूषा तिच्या हातातील फोनवर सोडविता आली असती. प्रश्न एवढाच की, अशी काही परीक्षा आहे हे तिला कोणी सांगितले होते काय? आपल्या घराघरांत लग्नाची आमंत्रणे वेळेवर पोहोचतात; मग अशा संधीची वार्ता मात्र मुदत टळल्यावर का पोहोचावी?

तरुणांना राजधानीत बोलावून संसदीय रीती शिकविण्याची कल्पनाही आजची नव्हे. मुंबईस १९६२ साली भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने युवक संसदेची योजना सुरू करण्याची शिफारस केली, आणि १९६६-६७ मध्ये दिल्लीतील शाळांपासून तिचा आरंभ झाला. पुढे २०१९ पासून राष्ट्रीय युवा संसद महोत्सव सुरू झाला. जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा चढत्या क्रमाने त्याच्या फेऱ्या ठेवण्यात आल्या. २०२१ साली तर त्याची अंतिम फेरी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातच झाली. तिचा समारोप स्वामी विवेकानंदांच्या जयंतीस, म्हणजे १२ जानेवारीस झाला. हा दिवस १९८५ पासून राष्ट्रीय युवक दिन म्हणून पाळला जातो, हे आपणांस विदित आहेच.

आता ह्या संमेलनांत मुलांना लाभते काय? आम्ही परतलेल्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी प्रथम थोर पुढाऱ्यांच्या दर्शनाचे वर्णन केले नाही. एकाने सांगितले, “तीन मिनिटांत बोलणे संपवायचे होते. घरी बसून लिहिलेले भाषण दहा मिनिटांचे झाले होते. रात्रभर ते कापीत बसलो, आणि शेवटी उरले ते मला खरोखर म्हणायचे होते तेवढेच.” दुसरी म्हणाली, “आमच्या खोलीत चौघी होतो, चार राज्यांच्या. माझ्या भाषणात पाण्याच्या टंचाईबद्दल लिहिले होते. ब्रह्मपुत्रेच्या काठची मुलगी म्हणाली की, आमचे गाव दरवर्षी पाण्याखाली जाते. तेव्हा मला प्रथमच वाटले की, माझ्या जिल्ह्याचा प्रश्न हाच काही देशाचा प्रश्न नव्हे.” ज्ञातिबंधूंनो, आम्ही तर म्हणू की, ह्या दोन उत्तरांत नेतृत्वाचे निम्मे शिक्षण आले. मोजक्या वेळात मोजके बोलावे आणि दुसऱ्याचे दुःख आपल्या दुःखाशेजारी ठेवून पाहावे, हे जो शिकला त्याची फेरी फुकट गेली असे कोण म्हणेल?

परंतु हे शिक्षण आयत्या वेळी आगगाडीत बसून मिळत नाही. येथे नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे उदाहरण आम्हांस आवर्जून सांगावेसे वाटते. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या वयाची एकतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. साम्राज्याच्या राजधानीत, हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या जाणत्या मंडळींपुढे, त्यांनी आकडे मांडले व उलटतपासणीस तोंड दिले. पुढे २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्ता हीच जेव्हा राजधानी होती त्या काळी, वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते आहे आणि रयत मात्र खंगत चालली आहे, हा विरोध त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिला व मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. हा कर १९०३ साली कमी झाला.

ते भाषण सर्वांस ठाऊक आहे. पण त्यामागे उभा असलेला माणूस फार थोड्यांस ठाऊक आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली गोखल्यांनी आकडे वाचण्याचे शिक्षण घेतले हे तर खरेच. परंतु साक्षीसाठी व भाषणासाठी लागणारी टिपणे पुरविण्यात रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी ह्यांचा मोठा वाटा होता. जोशी हे पेशाने शिक्षक. सोलापूरसारख्या ठिकाणी राहून ते सरकारी अहवालांतील आकड्यांचा अभ्यास करीत. राजधानीत उभे राहिले गोखले. पण त्यांच्या हातांतील कागदांवर सोलापूरच्या दिव्याचा उजेड होता.

आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून व कचेऱ्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, शेतीचा हिशेब बोटांवर सांगणाऱ्या गृहिणी आहेत. ह्यांपैकी प्रत्येकाने वर्षातून चार रविवार दोन मुलांना दिले, त्यांच्याकडून एखादा अर्थसंकल्प वाचून घेतला, ग्रामपंचायतीचा जमाखर्च समजावून दिला, तरी पुष्कळ कार्य होईल. दिल्लीस सर्वांनाच जाता येणार नाही. परंतु जाणाऱ्याच्या पाठीमागील तो सोलापूरचा शिक्षक होणे आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती आहे.

येथे खर्चाचा प्रश्न निघतो. ‘विद्यार्थी निधीतील पैसा प्रवासावर घालविण्यापेक्षा एखाद्या गरजू मुलाची फी भरावी,’ असे मत काही जुन्या सभासदांनी आम्हांपाशी व्यक्त केले. त्यांची कळकळ आम्ही जाणतो. फीचा पैसा प्रवासासाठी वळवावा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु निवड होऊन मूल जेव्हा शासकीय संमेलनास जाते, तेव्हा निवास-भोजनाची व्यवस्था बहुधा आयोजकच करतात. मग अडते ते कशावर? जानेवारीची दिल्लीची थंडी सोसेल असा गरम कोट घरात नसतो, त्यावर. धुक्याने गाड्या तासन्‌तास खोळंबतात, तेव्हा वाटेत हाताशी चार पैसे नसतात, त्यावर. अर्ज भरावयाच्या दिवशी दाखला सापडत नाही, त्यावर. ह्या अडचणींना मोठ्या देणग्यांची जरुरी नाही. मंडळाने चार चांगले गरम कोट घेऊन ठेवावे व ते आलटून पालटून मुलांस द्यावे. ‘माय भारत’ ह्या शासकीय संकेतस्थळावर नावनोंदणी करून देण्यास व मुदती सांगण्यास एक जबाबदार स्वयंसेवक नेमावा. एवढ्याने निम्मी वाट मोकळी होईल.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि तो भगिनींच्या देखत बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. शालान्त परीक्षेत पहिली आलेली मुलगी व्यासपीठावर येऊन बक्षीस घेते, तेव्हा तिच्या आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येते. तीच मुलगी चार दिवसांसाठी दिल्लीस निघाली की, ‘एवढ्या लांब? सोबत कोण? लोक काय म्हणतील?’ असे प्रश्न उभे राहतात. सोबतीची चौकशी करणे हे पालकांचे कर्तव्यच आहे. संमेलनास कोणते शिक्षक बरोबर आहेत, मुलींच्या निवासाची व्यवस्था कोठे आहे, हे खुशाल विचारावे व समाधान करून घ्यावे. परंतु समाधान झाल्यावरही जे उरते, ती केवळ लोकलज्जा होय. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. त्या जागांवर बसणाऱ्या स्त्रिया कोठून येणार? ज्या मुलीला विसाव्या वर्षी अनोळखी सभेत तीन मिनिटे बोलू दिले नाही, ती चाळिसाव्या वर्षी सरपंच झाली तरी खुर्चीमागे नवरा उभा राहून कारभार पाहणार, आणि गाव त्याला ‘सरपंचपती’ म्हणणार. ह्या शब्दावर आपण हसतो. परंतु त्याचे मूळ आपल्याच ओटीवर आहे.

आता परतीच्या वाटेविषयी बोलू. राजधानीत एखादी परिषद गाजविणे सोपे नाही. पण तेथून परत येऊन काय करावे हे ठरविणे त्याहून अवघड आहे. ह्या बाबतीत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. जमखंडीस १८७३ साली जन्मलेले शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माच्या अभ्यासासाठी गेले. तेथील शिक्षण संपवून १९०३ च्या सप्टेंबरात, हॉलंडची राजधानी ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. तीस वर्षांचा हा तरुण, देशोदेशींच्या विद्वानांची ती सभा, तेथील मानसन्मान! परत आल्यावर त्या अनुभवांची व्याख्याने देत फिरले असते, तरी शिंद्यांचा नावलौकिक झाला असता. त्यांनी केले ते वेगळेच. मुंबईस येऊन त्यांनी प्रार्थना समाजाच्या प्रचारकाचे काम पत्करले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी अस्पृश्यवर्गाच्या उन्नतीसाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची स्थापना केली. परळ येथे शाळा सुरू झाली. त्यांच्या भगिनी जनाबाई ह्याही त्या कार्यात उतरल्या.

ह्यातील मर्म ध्यानी घ्या. शिंदे ज्यांच्यासाठी झटले, ते त्यांच्या ज्ञातीचे नव्हते. परक्या देशांतील सभेत पाहुणा म्हणून जो मान त्यांना मिळाला, तो आपल्याच देशातील कोट्यवधी माणसांना वाट्यास येत नाही, ही जाणीव ज्याला होते त्याची परतीची वाट स्वतःच्या घरापाशी थांबूच शकत नाही.

आणि येथे आम्ही एका अशा गोष्टीस हात घालतो, जी ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून सहसा बोलली जात नाही. आपली मुले दिल्लीस जाऊन संसदेची जुनी इमारत पाहून आली. सप्टेंबर २०२३ पासून तिला ‘संविधान सदन’ असे नाव मिळाले आहे. तिच्या मध्यवर्ती सभागृहात ९ डिसेंबर १९४६ रोजी घटनासमिती प्रथम बसली. तेथेच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले समारोपाचे भाषण केले. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहो, असा इशारा त्यांनी त्या दिवशी दिला. जाती ह्या राष्ट्रभावनेस विघातक आहेत, कारण त्या समाजजीवनात फूट पाडतात व परस्परांविषयी मत्सर उत्पन्न करतात, असेही त्यांनी त्याच भाषणात निक्षून सांगितले.

त्या इमारतीतून परतलेल्या एका मुलीने आम्हांस विचारले, “मग आपले मंडळ कशासाठी आहे?” हा प्रश्न उद्धटपणाचा आहे, असे काहींस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या पूर्वजांनी मंडळे काढली, ती शिक्षणाच्या सोयी नव्हत्या, शहरात पोराला राहावयास जागा मिळत नव्हती, अशा काळी. त्या काळी ज्याला कोणी नाही त्याला ज्ञाती, हा आधार खरा होता व पुष्कळांस तो अजूनही लागतो. परंतु आधार आणि कुंपण ह्यांत अंतर आहे. रांगणाऱ्या मुलाला पांगुळगाडा देतात. ते चालू लागले म्हणजे तोच पांगुळगाडा दारात आडवा ठेवीत नाहीत. ज्या मंडळाची मुले दिल्लीच्या खोलीत चार राज्यांच्या चौघींत आडनाव न विचारता राहून आली, त्या मंडळाची अभ्यासिका केवळ आपल्याच मुलांसाठी का असावी, ह्याचे उत्तर मोठ्यांनी दिले पाहिजे.

तोच प्रश्न कार्यकारी मंडळाविषयी. भारतीय राज्यघटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. २१ व्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येते. २५ व्या वर्षी लोकसभेची. आपल्या कार्यकारी मंडळात मात्र पस्तिशीच्या आतील एकही सभासद नाही, व भगिनी आहेत त्या केवळ हळदीकुंकू समितीत. ज्यांना देश मतदार मानतो व राजधानीत बोलावून त्यांचे म्हणणे ऐकतो, त्यांनी घरी आल्यावर खुर्च्या मांडाव्या व पंगत वाढावी, एवढीच त्यांची सेवा आपण मागणार काय? तसे झाले तर ही मुले कुरकुर करणार नाहीत. ती मंडळात येणेच सोडतील, आणि काही वर्षांनी ह्या स्मरणिकेत केवळ श्रद्धांजलीची पाने वाढत जातील.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन सूचना ठेवू इच्छितो, व त्यांस आपला पाठिंबा मागतो. पहिली : दिल्लीस अथवा अन्यत्र अशा संमेलनास जाऊन आलेल्या विद्यार्थ्याने आपला वृत्तांत सत्कारापूर्वी सभेस वाचून दाखवावा आणि सभेने त्यास प्रश्न विचारावे. दुसरी : कार्यकारी मंडळात पंचवीस वर्षांच्या आतील दोन जागा असाव्या व त्यांपैकी एक मुलीस द्यावी, त्यांना मताचा पूर्ण अधिकार असावा. तिसरी : मंडळाच्या इमारतीतील अभ्यासिका परिसरातील सर्व विद्यार्थ्यांस, ज्ञातीचा विचार न करता, खुली करावी. तिसऱ्या सूचनेस विरोध होईल हे आम्ही जाणून आहो. ‘आपल्या देणगीदारांचा पैसा परक्यांवर का?’ हा आक्षेप येईल. त्यास आमचे उत्तर एवढेच की, आपली मुले भारत मंडपम् येथे गेली, तेव्हा ती सर्व देशाच्या पैशावर जेवली व राहिली. तेथे त्यांस कोणी परके म्हटले नाही.

विद्यार्थिमित्रहो, शेवटी दोन शब्द तुमच्याशी. पुढारी ह्या शब्दाचा साधा अर्थ पुढे चालणारा. पुढे चालणाऱ्याने मधून मधून मागे वळून पाहिले नाही, तर तो केवळ एकटा चालणारा ठरतो. तुमच्या प्रमाणपत्राची चौकट घरच्या भिंतीवर लागू द्या. आईवडिलांना तो आनंद मिळालाच पाहिजे. परंतु येत्या महिनाभरात तुमच्याहून लहान अशा पाच मुलांना पुढील वर्षीची प्रश्नमंजूषा कशी सोडवावी हे शिकवा, आणि त्यांतील दोघे तरी आपल्या ज्ञातीबाहेरचे असू द्या. आम्हां मोठ्यांची मते तुम्हांस जुनाट वाटली, तर सभेत उभे राहून तसे सांगा. पण दिल्लीत शिकलात त्याप्रमाणे तीन मिनिटांत, आधाराने व आदराने सांगा. आणि आम्ही बोलू लागलो की, आमचेही ऐकून घ्या.

 वर मांडलेल्या तीन सूचना सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर याव्या, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.